सैतानाच्या नावावर

स्वित्झर्लंडच्या उरी परगण्यात रॉइस नदी शोलेनेन नावाच्या घळीतून खाली उतरते. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे उभे कडे, मध्ये फेसाळते पाणी. तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इथून गोटहार्ड खिंडीकडे जायला धड वाट नव्हती. १२२० ते १२३० च्या सुमारास कुणीतरी कड्याच्या अंगाला साखळ्यांनी फळ्यांची वाट टांगली, नदीवर लाकडी साकव घातला, आणि जर्मन मुलुखातून इटलीत उतरणारा एक मोठा व्यापारी मार्ग खुला झाला. हे काम कुणाचे, ते नावानिशी सांगता येत नाही. वरच्या खोऱ्यांत येऊन वसलेल्या वाल्झर लोकांना कड्यांवरून पाण्याचे पाट नेण्याची विद्या येत होती, तेव्हा त्यांचा हात असावा असे इतिहासकार मानतात. मध्ययुगातले त्याचे नाव 'तुषार उडवणारा साकव' अशा अर्थाचे होते. 'सैतानाचा पूल' हे नाव लेखी सापडते ते १५८७ मध्ये, म्हणजे वाट खुली होऊन साडेतीनशे वर्षे उलटल्यावर. कथा मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. उरीच्या लोकांना पूल काही जमेना, तेव्हा कुणी वैतागून म्हणाले, आता सैतानानेच बांधावा. आणि सैतान हजर झाला. अट एकच, पुलावरून पहिला जाईल तो माझा. पूल उभा राहिला आणि गावकऱ्यांनी पुढे हाकलला तो एक बोकड. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला अवाढव्य दगड उचलला, वाटेत भेटलेल्या म्हातारीने त्या दगडावर क्रूस कोरला, आणि दगड तिथेच पडून राहिला. ग्योशेनेन गावापाशी तो आजही दाखवतात. गोटहार्डच्या मोटार रस्त्याच्या आड तो आला, तेव्हा १९७७ मध्ये तीन लाख फ्रँक खर्चून त्याला १२७ मीटर बाजूला सरकवले, फोडले नाही.

अशा नावांमागे भीती असते, असे आपण गृहीत धरतो. जागा भयाण, म्हणून सैतानाची. पण वर दिलेल्या तारखा या समजुतीला साथ देत नाहीत. साखळ्यांवर टांगलेल्या फळ्यांवरून खेचरे हाकायची वेळ होती, पाय घसरला की थेट नदी होती, त्या काळात साकवाला नाव पडले ते पाण्याच्या तुषारांचे. सैतान आला तो लोकांची ये-जा अंगवळणी पडल्यावर आणि बांधणाऱ्यांची आठवण बुजल्यावर. कथेतही तो भयानक नाहीच. तो शब्दाला जागणारा, कामात वाकबगार असा कंत्राटदार आहे आणि त्याची मजुरी गावाने बुडवली आहे! खरे तर असल्या सगळ्या पूल-कथांत लबाडी माणसे करतात आणि काम सैतान करतो. तेव्हा माझे म्हणणे असे की सैतानाचे नाव ही भीतीची नव्हे, मालकीची नोंद आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन तर आहे, पण कब्जेदाराच्या रकान्यात लिहायला कुणी उरलेले नाही, किंवा जो आहे त्याचे नाव लिहायची लिहिणाऱ्याची तयारी नाही, अशा वेळी तो रकाना सैतानाच्या नावाने भरला जातो. हे नाव मूळचे जवळजवळ कधीच नसते. ते मागाहून आलेल्याचे असते.

केंब्रिजशायरमधला 'सैतानाचा बांध' याचा उत्तम पुरावा देतो. नऊ-दहा मीटर चढत जाणारा मातीचा बांध, त्याच्या लगत खोल खंदक, लांबी सुमारे १२ किलोमीटर. न्यूमार्केटच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला तो आजही छेदून जातो. रोमन सत्ता गेल्यानंतरच्या शतकांत, अँग्लो-सॅक्सन काळाच्या पूर्वार्धात कुठल्यातरी राज्याने सरहद्द अडवायला हा खणला असावा. जुन्या नोंदींत त्याचे नाव नुसते 'खंदक' आहे. मध्ययुगातल्या कागदांत 'मोठा खंदक', तेच कधी लॅटिनमध्ये तर कधी इंग्रजीत. शिवाय 'संत एडमंडचा बांध' असेही एक नाव चालत असे, कारण बरी सेंट एडमंड्सच्या मठाधिपतीचा अंमल पश्चिमेला या बांधापर्यंत पोचत होता. म्हणजे तेव्हा बांधाला चांगला जिवंत, सारा वसूल करणारा धनी होता. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने तो मठ बंद झाला, संताची समाधी मोडली, जमिनी वाटल्या गेल्या. सैतानाचे नाव या बांधाला चिकटले ते त्यानंतरच्या काळात. मठ बुडाला म्हणूनच नाव बदलले, असा थेट कागद दाखवता येणार नाही. क्रम मात्र तोच आहे. इंग्लंडभर असा क्रम दिसतो. तिथल्या भूगोलातल्या सैतान-कथांचा अभ्यास करणारे जेरेमी हार्ट यांनीही या कथा बहुतांशी धर्मसुधारणेनंतरच्या आहेत असेच मांडले आहे. संतांची नावे पुसली गेली आणि जागा मोकळी झाली. अर्थात सगळे खापर धर्मसुधारणेवर फोडता येत नाही, कारण उरी परगणा कॅथलिकच राहिला आणि तरीही १५८७ मध्ये तिथल्या पुलावर सैतान आलाच. संत जावा लागतो असे नाही. कर्ता विसरला गेला की पुरते.

दक्षिण जर्मनीत रोमन साम्राज्याची सरहद्द होती, आणि तिचा रेशिया प्रांतातला भाग दगडी भिंतीचा होता. सुमारे तीन मीटर उंच, दीडशे किलोमीटरहून लांब अशी ही भिंत शेतांतून, रानांतून सरळ जाते. रोमन गेले, त्यांच्यामागून आलेल्या शेतकऱ्यांनी तिचे दगड घरांना वापरले, आणि उरलेल्या कण्याला 'सैतानाची भिंत' म्हणू लागले. सैतानाने देवाकडे जमिनीचा वाटा मागितला, कोंबडा आरवायच्या आत कुंपण घालशील तेवढी तुझी असे ठरले, शेवटचा दगड राहिला आणि त्याने रागाने सगळीच भिंत लाथाडली, अशी गोष्ट. पडझडीचे स्पष्टीकरणही त्यातच आले. पुढे अठराव्या शतकात शोधक मंडळींनी ही रोमन सरहद्द असल्याचे छापून सांगितले. नाव मात्र राहिले. इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. उत्तरेला हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी याच नावाची आणखी एक भिंत आहे, आणि ती कुणीच बांधलेली नाही. तो वालुकाश्माचा उभा झालेला थर आहे. कर्ताच नव्हता तिथे कर्ता विसरण्याचा प्रश्न कुठे येतो? पण पाहणाऱ्याला ते कुठे ठाऊक होते? त्याला दिसते ती सरळ रेषेत चाललेली, चिऱ्यावर चिरा चढवावा तशी भिंत; आणि भिंत म्हटली की गवंडी आलाच. नुसत्या डोंगराला सहसा सैतान लागत नाही. रचल्यासारख्या दिसणाऱ्या खडकाला लागतो. लोक हार्त्सच्या भिंतीचेही दगड खुशाल काढून नेत होते, इतके की १८३३ मध्ये सरकारला बंदी घालावी लागली. बेवारस मालाला हात लावताना सैतानाची भीती कुणाच्या आड आलेली दिसत नाही.

याहून भारदस्त आक्षेप याकोब ग्रिमच्या नावावर आहे. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन पुराणकथांवरच्या ग्रंथात त्याने मांडले की लोककथांतला सैतान हा बहुधा जुन्या देवाच्या किंवा राक्षसाच्या जागी बसलेला असतो. नवा धर्म आला, जुने दैवत सैतान ठरले, आणि त्याची ठिकाणे सैतानाची झाली. हे मत इतके रुजले आहे की अशा नावाच्या प्रत्येक टेकडीखाली लोक एक प्राचीन देऊळ शोधू लागतात. आकर्षक आहे, पण इंग्लंडच्या जमिनीवर तपासले तर टिकत नाही. जिथे खरोखर जुन्या देवाचे नाव पडले होते, तिथे ते तसेच राहिले. विल्टशायरमधल्या वॅन्सडाइक या बांधाच्या नावात वोडन हा देव आजही बसलेला आहे. दक्षिण इंग्लंडात जागोजागी असलेल्या 'ग्रिमच्या खंदकां'तला ग्रिम म्हणजे बहुधा तोच वोडन. हजार वर्षे चर्चच्या घंटा वाजल्या, तरी त्यांचा सैतान झाला नाही. उलट केंब्रिजच्या बांधाच्या जुन्या नावांत देव कुठेच नाही, आहे तो साधा खंदक आणि एक ख्रिस्ती संत. राक्षसांचे म्हणाल तर तेही मागाहून आलेल्यांनीच भरलेले नाव होते. रोमन शहरांचे पडके हमाम पाहून एका अँग्लो-सॅक्सन कवीने ते अजस्र माणसांचे काम मानले, कारण त्याच्या भोवतालच्या समाजात तसे दगडी काम करणारे फारसे उरले नव्हते. स्टोनहेंजचा उतारा तर फारच बोलका आहे. बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने ते दगड राक्षसांनी आफ्रिकेतून आयर्लंडला आणि मर्लिन जादूगाराने तिथून इंग्लंडात आणले असे लिहिले. पुढच्या शतकांत त्याच दगडांभोवती सैतानाच्या कथा आल्या. राक्षस, मग जादूगार, मग सैतान. फेरफार होत राहिले, मूळ मालक सापडला नाही.

बांधणारा पक्का माहीत असतानाही सैतान आला, अशी उदाहरणे पुढे केली जातात. फ्रान्समधल्या काओर शहरातला व्हालांत्रे पूल १३०८ मध्ये सुरू झाला, बांधकाम सत्तर वर्षांच्या आसपास रेंगाळले, आणि हे सगळे नगराच्या कागदपत्रांवरून कळते. तरी तिथेही करार, तिथेही फसवणूक, आणि मधल्या बुरुजाचा वरचा एक दगड सैतान रोज रात्री काढून नेतो ही पुरवणी. पण दप्तरात असणे आणि पुलावरून बैलगाडी हाकणाऱ्याला माहीत असणे, यांत बरेच अंतर आहे. दप्तर लॅटिनमध्ये, गाडीवान आपल्या बोलीत. १८७९ मध्ये पुलाची डागडुजी करणारा वास्तुविशारद पॉल गूत याने त्या रिकाम्या कोपऱ्यात दगड धरून लोंबकळणारा एक छोटा सैतान कोरवून बसवला. त्याला पुलाचा इतिहास आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तोवर सैतान हे गिऱ्हाईक खेचणारे नाव झाले होते, एवढाच त्याचा अर्थ. स्पेनमध्ये सेगोव्हियाचा रोमन जलसेतूही सैतानाचाच म्हणतात. २०१९ मध्ये तिथे सेल्फी काढणाऱ्या हसऱ्या सैतानाचा पुतळा बसवला. काही भाविक त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि त्यांची एक तक्रार अशी होती की हा सैतान फार गोड दिसतो.

आपल्याकडे तोच रिकामा रकाना कसा भरला गेला, हे पाहिले की युरोपातल्या नोंदीचे वेगळेपण लक्षात येते. नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. दान कुणी दिले, किती दिले, हे तिथल्या भिंतींवर ब्राह्मीत खोदलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली, त्यातल्या दोन हजारांवर शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण दराने व्याज ठरले, इतका बारीक हिशेब दगडावर आहे. पण लिपी वाचणारे संपले, आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडेपर्यंत तो हिशेब डोळ्यांसमोर असून मुका होता. मधल्या काळात मालकी गेली पांडवांकडे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांनी १०६० मध्ये बांधले, तरी लोकांच्या लेखी तेही पांडवांनी एका रात्रीत उभारले, आणि वर ते हेमाडपंतीही. वास्तविक यादवांचा मंत्री हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. विसर सारखाच आहे, एका रात्रीत बांधकाम सारखेच आहे, पहाटेचा कोंबडाही बऱ्याच ठिकाणी आहे. फरक फक्त कुणाचे नाव सुचले यात. इथे वनवासात भटकणारे, अंगात ताकद आणि हाताशी वेळ असलेले पाच भाऊ तयार होते. ख्रिस्ती युरोपात अलौकिक ताकदीचा, पण स्तुती न मागणारा एकच कारागीर उरला होता.

'पण आपल्याकडे असुरांची गावे आहेतच की,' असे कुणी म्हणेल. आहेत. म्हैसूर महिषासुराचे, गया गयासुराचे, लोणारचे सरोवर लवणासुराचे, कोल्हापूर कोल्हासुराचे. पण हे सगळे नावानिशी आहेत. त्यांना आईबाप आहेत, तपश्चर्या आहे, वर आहेत. कोल्हासुराची तर मरताना मागणीच होती की या क्षेत्राला माझे नाव राहू दे, आणि देवीने ती मान्य केली. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो त्याच लढाईच्या स्मरणाने. इथे हरलेल्याची मालकी जिंकणाऱ्याने नोंदीत ठेवली आहे. सैतानाच्या नावाने नेमके उलटे होते: ते एकच नाव हजार जागी लागते, आणि लागते तिथे आधीच्या धन्याची खूण उरत नाही. गोव्यात या दोन्ही पद्धती एकाच शब्दात भेटतात. तिथल्या हिंदू गावांत देवचार हा वेशीचा राखणदार असतो. रात्री हातात दांडा घेऊन तो गावाची गस्त घालतो, त्याला रोट, दारू, विडी द्यायची, आणि हद्दीचा मान राखायचा. पोर्तुगीज अंमलात मिशनऱ्यांना कोंकणीत धर्मशिकवण लिहायची होती, सैतानाला शब्द हवा होता, आणि तो त्यांनी गावाच्या या जुन्या रखवालदारावरून उचलला. कॅथलिक कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. ज्यांनी १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली, त्यांना वेशीवरचा हा हक्कदार कागदोपत्री शिल्लक ठेवणे सोयीचे नव्हते. ग्रिमचे म्हणणे खरे ठरते ते असे: जुना धनी समोर उभा असतो आणि जमीन नुकतीच हिसकावलेली असते, तिथे.

अमेरिकेत हे सर्वांत उघडपणे घडले, कारण तिथे तारखा अगदी जवळच्या आहेत. वायोमिंगच्या ईशान्य कोपऱ्यात २६४ मीटर उंचीचा, अंगभर उभ्या खाचा असलेला एक अग्निजन्य खडक माळावर एकटाच उभा आहे. कायोवा लोक सांगतात की अस्वलापासून पळणाऱ्या सात बहिणींना वाचवायला जमीन वर उचलली गेली, खाचा म्हणजे अस्वलाच्या नखांचे ओरखडे, आणि त्या बहिणी आकाशात तारे झाल्या. लकोटा लोकांसाठी हे 'अस्वलाचे घर', मातो टिपिला, आणि उपासनेची जागा. पश्चिमेकडच्या सरकारी मोहिमांनी केलेल्या सुरुवातीच्या नकाशातही अस्वलाचेच नाव होते. १८६८ च्या फोर्ट लारामीच्या तहाने ब्लॅक हिल्सचे डोंगर लकोटांकडे राखले. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या तुकडीने तिथून सोन्याची बातमी आणली. आणि १८७५ मध्ये ती बातमी पडताळायला भूवैज्ञानिक वॉल्टर जेनी निघाला, बरोबर संरक्षणाला कर्नल रिचर्ड डॉज. डॉजने पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात लिहिले की इथले इंडियन या खडकाला दुष्ट देवाचा मनोरा म्हणतात, म्हणून आपल्या मोजणीदारांनी त्यात योग्य ती सुधारणा करून 'डेव्हिल्स टॉवर' केले. त्याच मोहिमेतल्या हेन्री न्यूटनने मात्र नोंदवून ठेवले की जुन्या नकाशावरचे नाव अस्वलाचे आहे आणि तेच चपखल आहे. लकोटा भाषेत काळे अस्वल आणि दुष्ट शक्ती यांचे शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात, तेव्हा दुभाष्याची गफलत झाली असावी असा एक खुलासा देतात. असेलही. पण गफलत दुरुस्त करणारा माणूस त्याच तंबूत बसलेला असताना चुकीचे नाव जिंकते, याचे कारण शब्दकोशात सापडणार नाही. १८७७ मध्ये काँग्रेसने कायदा करून डोंगर ताब्यात घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ताब्याची भरपाई देणे लागते असा निकाल दिला. लकोटांनी पैसे आजवर उचललेले नाहीत, त्यांना जमीन हवी आहे. नॉर्थ डकोटात याच कुळातले एक तळे आहे. डकोटा लोकांचे ते पवित्र पाणी, नकाशावर 'डेव्हिल्स लेक'. त्याच्या काठच्या जमातीने १९९० च्या दशकात स्वतःच्या अधिकृत नावातला सैतान काढून 'स्पिरिट लेक' केले. शहराचे नाव आहे तसेच आहे.

वस्तूंच्या बाबतीतही रकाना हाच, फक्त मालकाच्या जागी उपयोग असतो. हिंगाला जर्मनमध्ये 'सैतानाची विष्ठा' म्हणतात. फ्रेंच, स्वीडिश, इंग्रजी यांनीही तेच म्हटले आहे. डबा उघडला की वास नाकात जातो, गंधकाची संयुगे असल्यावर जाणारच, तेव्हा यात आश्चर्य काय असे वाटेल. पण याच युरोपात रोमन लोक हिंग आवडीने खात होते. त्यांचा लाडका मसाला म्हणजे लिबियाच्या किनाऱ्यावरचे सिल्फियम. ते पहिल्या शतकात इतके दुर्मीळ झाले की प्लिनी सांगतो त्याप्रमाणे एक काडी मिळाली ती नीरो बादशहाला नजर केली गेली. त्याच्या बदली इराणकडचा हिंग आला आणि एपिशियसच्या नावाने चालणाऱ्या पाककृतींत तो आमटीपासून मांसापर्यंत पडतो. नाक तेच होते, दुर्गंध तोच होता, सैतान नव्हता. पुढे स्वयंपाकघरातून हिंग गेला, औषध विकणाऱ्याच्या बरणीत कच्चा राहिला, आणि गरम तेलात पडल्यावर तो काय होतो हे सांगणारे कुणी उरले नाही. मग त्याला ते नाव मिळाले. आपल्या घरी फोडणी चालू राहिली म्हणून हिंग हिंगच राहिला, इतका गरजेचा की २०२० मध्ये लाहौलच्या खोऱ्यात त्याची रोपे लावली गेली ती राष्ट्रीय बातमी झाली. निकेलचे तसेच. सॅक्सनीच्या खाणकामगारांना तांब्यासारखे लालसर खनिज मिळे, भाजले तर तांबे नाही, उलट आर्सेनिकची विषारी वाफ. खाणीतल्या भुताने तांब्यावर जादू केली असे समजून त्यांनी त्याला कुप्फरनिकेल म्हटले. १७५१ मध्ये अक्सेल क्रोनस्टेटने त्यातून नवा धातू वेगळा काढला आणि नाव ठेवताना तांबे गाळून भूत राखले. आपल्या जुन्या रुपया-आठ आण्यांच्या नाण्यांत तांब्याशेजारी तेच होते.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे फार गंभीरपणे घेतले जात आहे. लोक गमतीने नावे देतात. डेथ व्हॅलीत मिठाच्या खडबडीत पठाराला 'सैतानाचे गोल्फ मैदान' म्हणतात, आणि त्यामागे १९३४ च्या एका सरकारी मार्गदर्शिकेतला विनोद आहे. मान्य. पण विनोद करायलाही जागा मोकळी दिसावी लागते. त्या दरीत टिंबिशा शोशोनी लोक राहत होते आणि राहतात. त्यांचे नाव तिथल्या लाल गेरूवरून आहे, मृत्यू किंवा सैतान त्यात नाही. त्यांच्या वस्तीचा हक्क काँग्रेसने मान्य केला तो २००० मध्ये. कॅलिफोर्नियातला माउंट डियाब्लो तर निव्वळ वैतागातून आला. १८०५ मध्ये मिशनमधून पळालेल्या इंडियनांना स्पॅनिश शिपायांनी वाळुंजाच्या झाडीत घेरले, सकाळी पाहतात तर कुणी नाही. त्यांनी झाडीला सैतानाची झाडी म्हटले, आणि मागाहून आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी झाडीचा शब्द डोंगराचा समजून नाव जवळच्या शिखरावर नेऊन ठेवले. हे नाव ख्रिस्ती मनाला लागते अशी तक्रार एका रहिवाशाने केली. अमेरिकेच्या भौगोलिक नामकरण मंडळाने ती २००९ मध्ये फेटाळली. हेच मंडळ नावे बदलतच नाही, असे नाही. लकोटांच्या बायकामुलांना १८५५ मध्ये मारणाऱ्या जनरल हार्नीचे नाव ब्लॅक हिल्समधल्या सर्वांत उंच शिखराला होते. २०१६ मध्ये मंडळाने ते काढून लकोटा साधू ब्लॅक एल्कचे नाव दिले. मातो टिपिलाचा अर्ज त्याच्या दोन वर्षे आधीपासून मंडळापुढे आहे. एखाद्या नावाबद्दल काँग्रेसमध्ये विधेयक असेल तर तोवर त्या नावाला हात लावायचा नाही, असा मंडळाचा नियम आहे. आणि 'डेव्हिल्स टॉवर' कायम राहावे असे विधेयक वायोमिंगचे प्रतिनिधी पुन्हा पुन्हा मांडत आले आहेत. ते मंजूर करून घ्यायची त्यांना गरज पडत नाही, प्रलंबित ठेवले की काम भागते.